मारोतरावानं वाळवंट पाहिलं

माणसं दोन अन् छत्र्या तीन! तुम्हाले सांगतो, असा माणूस अख्ख्या नागपुरात नसंन! मी म्हटलं, "मारोतराव, तिसरी काहून गा?" तर म्हणे, "एखादी वाऱ्यानं उडाली तं? प्रेमलताले ऊन नाही लागलं पायजे!"

हसू नका! हा आमचा मारोतराव, इतवारीत कापडाचं दुकान, भला माणूस... पण त्या साली मे महिन्यात प्रेमलतावहिनी भिवापूरहून मिरच्या घेऊन भर दुपारच्या एस्टीनं आल्या, अन् दारातच कोसळल्या! अंग तव्यासारखं! दवाखान्यात बाई नवऱ्याले ओळखे ना... वाचल्या, देवाची कृपा. अन् बऱ्या झाल्यावर काय मागावं बाईनं? साडी? पाटल्या? छे! "मले वाळवंट पाहाचं आहे." घ्या! उन्हातून वाचलेल्या बाईनं उन्हाच्याच माहेरी जातो म्हणावं!

पण नाही म्हणता येते का? डिसेंबर ठरला. जैसलमेरले हॉटेलवाला सांगून राह्यला, "सेठजी, आराम से निकलो, धूप चढने दो..." हा उसळला! "धूप? तिले ऊन नाही लागलं पायजे!" मंग बेत काय, तं अंधारात निघाचं, सूर्य वर याच्या आत वाळू पाहाची, दुपारी पडदे लावून खोलीत बसाचं, अन् किल्ला संध्याकाळी! दोघांच्या अंगात मलमल, खिशात कांदे, अन् डोक्याले ओला पंचा! ओला!

उंट निघाला मात्र... अरे बाप रे, काय ते थंडी! स्वेटर? स्वेटर नागपुरात, पेटीत! वहिनी म्हणे, "अहो... मले कसंतरी होऊन राह्यलं जी..." हा पाहते तं तिचे ओठ निळे! मारोतरावाचा जीवच गेला. उन्हातून वाचवली अन् थंडीत घालवतो का काय!

उंटवाल्यानं उंट वळवला तो सरळ आपल्या झोपडीपाशी. त्याची म्हातारी माय बाहेर आली. ना ओळख ना पाळख, पण अंगावरची गोधडी काढून वहिनीले गुंडाळली, चूल पेटवली, बाजरीची गरम पेज पाजली, तळपाय चोळले. हा उभाच, थरथरत! तं म्हातारी म्हणे, "बैठ जा बेटा, अभी धूप आएगी."

अन् आलं ऊन! हा धावला ना छत्री उघडाले! "ऊन नाही लागलं..." वहिनी म्हणे, "मिटवा ते! येऊ द्या जी... किती बरं वाटून राह्यलं." अन् तिथंच, म्हातारीच्या खाटेवर, उन्हात तोंड करून झोपल्या! गाढ! वाळूचे डोंगर पाहाचे राह्यले, किल्ला राह्यला, हवेल्या राह्यल्या! हा उठवाले गेला, तं म्हातारी दटावे, "सोने दे!" बसला मंग बाजूले. गालावर लाली येऊन राह्यली, हा पाहून राह्यला. संध्याकाळी म्हातारीच्या पाया पडून निघाले, तं परतीच्या गाडीचीच वेळ झालेली!

परत आल्यावर मी विचारलं, "मंग गा, काय काय पाहिलं वाळवंटात?"

"काय सांगू गा..." मारोतराव म्हणे, "एवढ्या दूर गेलो, अन् घरचीच बायको पाहून आलो!"