शब्द शहाताचा, आवाज बातम्यांचा

...आणि वर मलाच विचारतात, शहाताला एवढा राग का येतो म्हणून! अहो, येणार नाही तर काय? तुम्हाला सांगतो, मासळीच्या लिलावात हा माणूस ओरडला की पार समुद्रातल्या होडीतला नावाडी दचकायचा, "मी काय केलं रे?" म्हणायचा! अशा माणसाचा घसा डॉक्टरांनी कापला, गाठ काढली, गाठीबरोबर आवाजही काढला, आणि कुवेतला नोकरीला असलेल्या पोरानं बापाला काय पाठवलं? कॉम्प्युटर! तुम्ही बटणं दाबून अक्षरं टिपा, तो बोलेल. बोलतो हो! पण कसा? रेडिओवर बातम्या देणाऱ्यासारखा! आपली रोजची बोली त्याला कळतच नाही. पहिल्या दिवशी शहातानं बायकोला बोलीत लिहिलं, "नईमा, चहा टाक गं," तर आतून असं काही गुरगुरलं की बिचारी नईमा मोरी तुंबली समजून काठी घेऊन धावली. मग काय, पुस्तकी भाषेत लिहिणं आलं. आता हा शिकलाय चौथी. पुस्तकी भाषा कानावर पडलेली कुठं, तर शुक्रवारच्या प्रवचनात आणि बातम्यांत. तेवढ्या भांडवलावर लिहिलं, आणि कॉम्प्युटर खर्जात म्हणाला, "हे पत्नी! चहापानाची वेळ समीप आली आहे." नईमा प्रवचनाला आल्यासारखी डोक्यावर ओढणी घेऊन उभी! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! शब्द शहाताचा, आवाज बातम्यांचा... करायचं काय माणसानं?

पण बायकोचं सोडा. खरं दुखणं मेतवल्ली.

मेतवल्ली म्हणजे जाळी दुरुस्त करणारा, शहाताचा लहानपणापासूनचा दोस्त. रोज संध्याकाळी आमच्या अनफूशी मोहल्ल्यातल्या कॉफीच्या दुकानात दोघं तवल्याचा, म्हणजे फासे-सोंगट्यांचा, पट मांडायचे. फासे कमी, शिव्या जास्त! "टाक की रे म्हाताऱ्या, हातात फासे आहेत की अंडी उबवतोयस?" "तुझ्या बापानं तरी पट पाहिला होता का रे, शिळ्या माशाच्या तोंडाच्या?" इतकं प्रेम! आणि घसा कापल्यापासून? अहो, मेतवल्ली त्याला "अहो" म्हणतो! "उस्ताद, आपली खेळी. सावकाश, घाई नाही." वर मुद्दाम हरतो! शहाताची सोंगटी समोर एकटी उघडी पडलेली, ती मारायची सोडून हा भलतीच हलवतो आणि म्हणतो, "वा! काय आपला हात!" शहाताच्या अंगाची लाही होते. त्याला काय पाहिजे? जिंकणं नको, दया नको, एक शिवी पाहिजे हो! एकच, सणसणीत, पूर्वीसारखी!

म्हणून एक दिवस त्यानं मेतवल्लीला डिवचायचं ठरवलं. सकाळपासून मनात घोटलेली शिवी एका बोटानं टिपायला बसला. सगळं दुकान वाट बघतंय. चहा निवला, हुक्का विझला... शेवटी बटण दाबलं.

"हे मेतवल्ली! तू कपटी आहेस. तुझी बुद्धी गर्दभाहून अल्प आहे. लज्जा धारण कर, तुझा अंत निकट आहे!"

अहो, चहावाल्यानं टीव्ही बंद केला! कोपऱ्यातला शिंपी "आमीन" म्हणाला! एकजण घाबरून विचारतोय, "कोण गेलं रे? कुणी मोठा माणूस?" आणि मेतवल्ली? डोळ्यांत पाणी! उठून शहाताच्या कपाळाचा मुका घेतला. "खरं आहे, उस्ताद. फार माजलो होतो मी. आपण डोळे उघडलेत." आणि दुसऱ्या दिवसापासून नमाजाला पहिल्या रांगेत! शहाता शिव्या देतो आणि माणसं सुधारतात! आता आया आपली पोरं धरून आणतात, "काका, याला जरा दोन शब्द सुनवा, त्या कॉम्प्युटरमधून." शब्द शहाताचा, आवाज बातम्यांचा...

काल मात्र गंमत झाली. शहाता टिपत होता आणि मेतवल्ली अदबीनं वाकून, बटणांवर बोट टेकवून सांगत होता, "उस्ताद, इथं एक अक्षर राहिलं वाटतं." शहाताचं टाळकं सरकलं. धाडकन कॉम्प्युटरचं झाकण मिटलं. मेतवल्लीच्या बोटावर!

"आई गं! अरे गाढवा! डोळे फुटले का तुझे, शिळ्या माशाच्या तोंडाच्या? घसा कापला तेव्हा हे हातही कापून घ्यायचे होतेस!"

आणि शहाता? तुम्हाला सांगतो, हसायला लागला! आवाज कुठला, नुसते खांदे हलतायत, गळ्याच्या भोकातून हवा फुसफुसतेय, डोळ्यांतून धारा. मेतवल्लीच्या मिशीखालीसुद्धा हसू आलं, मी पाहिलं! त्यानं बोट चोखत चोखत दुसऱ्या हातानं पट सरळ केला, फासे उचलले...

आता गप्प बसायचं ना? खूण करायची, पाठीत एक धपाटा घालायचा, झालं! पण नाही. आनंद झाला की माणसाला बोलावंसं वाटतं हो! उघडलं झाकण, आणि लागला एका बोटानं टिपायला. त्याला म्हणायचं होतं, "अजून दे रे, लेका!" एवढंच. फासे मेतवल्लीच्या मुठीत.

"हे मित्रा! तुझे वचन श्रवण करून आम्ही संतुष्ट झालो आहोत. पुनश्च वद."

मेतवल्ली उठून उभा राहिला. टोपी सारखी केली. मान खाली.

"चुकलं, उस्ताद," म्हणाला. "आपली खेळी."