मुर्रीचं न्यूझीलंड, सौंदडचं ऑस्ट्रेलिया

वहिनी, सरांची लेक गुड्डी, शाळेचे मुख्याध्यापक साहेब, सगळे गुरुजी आणि मॅडम, मुर्रीचे गावकरी, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या लेकरांनो,

मघाशी माझं नाव घेतलं, तेव्हा मान हलवून नाही म्हणावं असं वाटलं. पण इथे जमलेल्या सगळ्यांमध्ये टेंभरे सरांशी सर्वांत जास्त भांडलेली बाई मीच आहे. त्यामुळे मी गप्प बसले तर सरांनाच पटणार नाही. म्हणतील, "काऊन मॅडम, आज तोंड कायले बंद?"

ज्यांची माझी ओळख नाही त्यांना सांगते. मी कापगते. सौंदडच्या शाळेत शिकवते. आज आमची आठवीची मुलं घेऊन गाडीनं आले आहे, ती मागे भिंतीजवळ उभी आहेत. बसा म्हटलं तर बसत नाहीत. इकडच्या आठवीची मुलं पुढे बसली आहेत, ती मागे वळून बघत नाहीत. दोन्हीकडच्या मुलांचं आपसात काय आहे, ते मोठ्यांपैकी फार जणांना ठाऊक नसेल. मी श्रद्धांजली द्यायला आले हे खरंच. पण या मुलांकडे माझं एक काम आहे, आणि ते केल्याशिवाय मी परत जाणार नाही.

आधी सरांबद्दल बोलते.

आमची ओळख गोंदियाच्या एका प्रशिक्षणात झाली. प्रत्येक शाळेनं आपला ब्लॉग काढायचा, मुलांनी त्यावर लिहायचं, असं सांगितलं होतं. विषय ज्यानं त्यानं निवडायचा. कोणी झाडं लावा लिहिलं, कोणी स्वच्छता लिहिलं. मी 'आमचे सण' लिहिलं. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्यांनी लिहिलं, रग्बी.

मी विचारलं, "सर, हे काय असते?"

म्हणाले, "मलेबी नाई मालूम."

"मग मुलांना काय शिकवाल?"

"मी कायले शिकवू? शोधतीन ना ते. क्रिकेट देल्लं त पोट्टे टीव्हीवरचं आयकून लिहितेत. माहीत नाई ते द्या, मंग वाचा लागते, विचारा लागते, चुका लागते."

चुका लागते! मंडळी, बाकी सगळे आम्ही मुलांच्या चुका लाल पेनानं खोडणारे. हा माणूस मुलांनी चुकावं म्हणून विषय शोधत होता. मला हसू आलं. जरा रागही आला. मी म्हटलं, "एकट्यानं लिहून काय होणार? वाचणार कोण?" तर डोळे बारीक करून म्हणाले, "बरोबर बोलल्या. मंग तुमी ऑस्ट्रेलिया व्हा."

आणि मी झाले. 'आमचे सण' तिथेच खोडलं. मुर्री न्यूझीलंड, सौंदड ऑस्ट्रेलिया. तिकडे दूर समुद्रापार त्या दोन देशांचा सामना झाला की इकडे आमची दोन्हीकडची मुलं ब्लॉगवर लिहायची. यांनी पोस्ट टाकली की आमच्यांनी खाली उत्तर द्यायचं. आमच्यांनी टाकली की यांनी. मुलं घरी कोणी हिंदी बोलणारी, कोणी पोवारी, आमच्याकडची झाडीबोली बोलणारी. सर म्हणायचे, आधी घरी बोलता तसं लिहा, मंग आपण दोघं मिळून शाळेचं करू. त्या 'दोघं मिळून'मध्येच त्यांचं सगळं शिकवणं होतं.

काय काय चुकलो आम्ही! त्या खेळात चेंडू हातानं पुढे फेकायचा नसतो, मागच्याला द्यायचा असतो. आमची करिश्मा वर्गात उभी राहून म्हणाली, "मॅडम, जाचं पुढं अन् फेकाचं मागं? हे खेळ हाये का सरकारी काम?" इकडे मुर्रीवाल्यांनी वेल्स देशावर पोस्ट टाकली आणि वर चित्र लावलं व्हेल माशाचं. खाली लिहिलं, या देशातले खेळाडू अंगानं मोठे असतात. आमच्या वर्गात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, मासा काढा तो." म्हणाले, "नाई काढत. तुमच्या पोट्टयाइनं नकाशा पाह्यला ना त्याच्यापायी? मंग मास्यानं काम केलं."

हे फोन शनिवारी दुपारी व्हायचे. पुष्कळदा वहिनीच उचलायच्या. वहिनी, तुम्हाला आठवतं? तुम्ही मला ऑस्ट्रेलियाच म्हणायच्या. एकदा मी विचारलं, सर आहेत का? तुम्ही अगदी गंभीर आवाजात म्हणालात, "न्यूझीलंड आंघोळीले गेले." मी स्टाफरूममध्ये एकटी हसत सुटले, लोक बघायला लागले.

हसा वहिनी. त्यांना आवडलं असतं.

पण सगळं काही हसण्यावारी गेलं नाही. मागच्या वर्षी त्या दोन देशांचा एक सामना झाला, आणि इकडे पोरं पेटली. या शाळेच्या रोशनीनं लिहिलं, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया एकमेकांचे दुश्मन आहेत. ठीक आहे. दुसऱ्या पोस्टमध्ये, मुर्री आणि सौंदड दुश्मन आहेत. मग रोशनीचं आलं, सौंदडवाले देहाती, यांना इंटरनेट कायले पाहिजे. आमच्या करिश्मानं खाली जे लिहिलं, ते मी या सभेत सांगू शकत नाही. करिश्मा मान खाली घालून उभी आहे, ती मला इथून दिसते. राहू दे बेटा. ते झालं गेलं.

पालक शाळेत आले. ब्लॉग बंद करा म्हणाले. मलाही तेच वाटत होतं. मी सरांना तसं सांगितलं. सर म्हणाले, "मॅडम, पोट्टयाइची चूक नाई. शब्द चुकला."

"कोणता शब्द?"

"दुश्मन. तुमी नागऱ्याच्या जत्रेत कुस्ती पाह्यली ना? आखाड्यात पैलवान उतरला का लोक का विचारतेत? तुहा दुश्मन कोन, असं विचारतेत का?"

मी म्हटलं, "नाही. जोड कोण, असं विचारतात."

"मंग? जोड जमली त कुस्ती. जोड नाई जमली त पैलवान लंगोट बांधून बसून राह्यते घरी."

बघा मंडळी. ज्याच्याशी लढायचं, त्याला आपल्याकडे जोड म्हणतात. बैलांची असते तीच, नवरा-बायकोची असते तीच. लहानपणापासून हा शब्द माझ्या कानावर होता आणि त्यात काय आहे ते मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर तो एकच शब्द लिहिला. रोशनीला शिक्षा केली नाही. तिला आणि तिच्या वर्गाला काम दिलं. सामना संपल्यावर ते दोन देशांचे खेळाडू काय करतात, ते शोधून लिहा.

मुलांनी शोधलं. ती पोस्ट अजून आहे, वाचा तुम्ही. सामना संपला की एक संघ दोन रांगा करून उभा राहतो, आणि दुसरा संघ मधून जातो तेव्हा त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो. मग उलट.

पण सर पोस्टवर थांबणारे नव्हते. धान कापून झालं होतं, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. एका रविवारी हा माणूस आख्खा वर्ग गाडीत घालून सौंदडला हजर! काखेत चेंडू. वहिनींनी बारदान्याचा शिवलेला, आत धानाच्या पेंढ्याची तणस भरलेली, आकार काहीतरी दुधीसारखा. नियम एकच. अंगावर पडायचं नाही, हात लावला की थांबायचं. चेंडू शेताच्या पलीकडच्या कडेला, धुऱ्यावर टेकवला की गुण. सगळी पोरं धूळमाती झाली. कोण जिंकलं यावर अजून एकमत नाही, ते सोडा.

खेळ संपला आणि मुर्रीच्या मुलांनी ठरल्याप्रमाणे दोन रांगा केल्या. आता आमच्या मुलांनी मधून जायचं होतं. एकहीजण हलेना. करिश्मा माझ्या मागे आली, पदर धरला. म्हणाली, "मॅडम, आमी नाई जात. मदात घेऊन कुटतेत हे."

तिचंही खरंच होतं. आमच्याकडे दोन रांगांच्या मधून जायला लावलं, की दोन्हीकडून पाठीत धपाटे बसतात. खेळच आहे तो मुलांचा. आणि ब्लॉगवर तसले शब्द लिहून झाल्यावर समोरचे टाळ्या वाजवतील, यावर कोणाचा विश्वास बसेल? मुर्रीची मुलं रांगा धरून उभी, आमची धुऱ्यावर उभी. मला वाटलं, संपलं सगळं.

तेव्हा सर निघाले. आधीच डोक्यावर दोन्ही हात धरले, पाठ वाकवली, आणि "मारू नोका रे, मारू नोका रे, लेकराबाळाचा माणूस हावो" म्हणत रांगांच्या मधून पळत सुटले! मुर्रीच्या मुलांना टाळ्या वाजवाव्या की हसावं कळेना. आमची मुलं हसून हसून खाली बसली. सर पलीकडे पोचले, खरोखर धपाटे खाल्ल्यासारखे कपडे झटकले, आणि म्हणाले, "पाह्य करिश्मा, जित्ता हावो."

मग करिश्मा गेली. सगळ्यांत आधी तीच गेली. आणि रोशनीनं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. रोशनी, मी बघत होते. तू सगळ्यांत जोरात वाजवल्या होत्यास.

मंडळी, मी इतकी वर्षं शिकवते. पुष्कळ हुशार शिक्षक पाहिले. पण मुलांची भीती जावी म्हणून सगळ्यांसमोर स्वतःचं हसं करून घेणारा माणूस मी एकच पाहिला.

सर गेले त्या दिवशी ते नेहमीसारखे शाळेतून घरी आले, हातपाय धुतले, छातीत कळ आली, आणि संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. मला फोन आला तेव्हा मी म्हटलं, कोणते टेंभरे? दुसरे असतील. मी दोनदा विचारलं. वहिनी, मला माफ करा, माझा विश्वासच बसेना. आजही शनिवार आला की दुपारी हात फोनकडे जातो. मला त्यांची फार आठवण येते. माझ्याशी इतकं मन लावून कोणी भांडलेलं नाही. माझ्या कोणत्याही वाक्याला 'छान' म्हणून मोकळं न होता, "असं कसं म्हणता मॅडम?" असं विचारणारा तो एकच माणूस होता. आता मी काही लिहीन आणि खाली कोणी काही म्हणणार नाही. हे मला सहन होत नाही.

आता माझं काम सांगते.

चार दिवसांपूर्वी आमच्या मुलांनी ब्लॉग उघडला. खाली रोशनीचं एक वाक्य होतं. वाचून दाखवते, रोशनी, रागवू नको. "आता आमी नाई लिहत. तुमी जिंकले."

आमच्या वर्गात कोणी टाळी वाजवली नाही. करिश्मा बाकावर डोकं टेकून रडली. मला म्हणाली, "मॅडम, तिले सांगा ना, आमी नाई जिंकलो." मी म्हटलं, मी सांगणार नाही. तू लिही. तर लिहिता येईना. दोन दिवस तो वर्ग नुसता बसून होता. मग काल त्यांनी मिळून एक पोस्ट टाकली. रोशनी, बेटा, त्यात सांत्वन नाही. सरांबद्दल एक ओळसुद्धा नाही. न्यूझीलंडला खेळता येत नाही, त्यांचा देश म्हणजे नुसती मेंढरं, आणि ते सामन्याआधी नाचतात ते घाबरल्यामुळे नाचतात, असं वाटेल ते लिहिलं आहे. निम्मं खोटं आहे. मी त्यातली एकही चूक सुधारलेली नाही. सुधारणार नाही. ते माझं काम नाही. ते तुमचं आहे.

उत्तर द्यायचं की नाही, ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा. घाई नाही. रडून घ्या आधी. सरांच्या टेबलाशी जाऊन या. आम्ही कुठे जात नाही. आमचा वर्ग रोज ब्लॉग उघडून बघेल.

मुख्याध्यापक साहेब, पालकमंडळी, तुम्हालाही हात जोडून विनंती आहे. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लावू नका.

टेंभरे सर, या कापगते बाईचा शेवटचा नमस्कार घ्या. भांडण बाकी राहिलं, त्याबद्दल मी तुम्हाला कधी माफ करणार नाही.

आता सगळे उभे राहू या. मागच्या मुलांनो, तुम्ही पुढे या, इथे, यांच्या शेजारी. रोशनी, थोडी सरक, करिश्माला जागा दे. असं. आता कोणी काही बोलू नका.