सासूबाईंची उजवी चप्पल

नाही हो साहेब, हॉर्न वाजवून डांबर बसत नाही. बसत असतं तर आम्ही रोलर कशाला आणला असता, तुम्हालाच बोलावलं असतं. उतरा, स्कूटर बंद करा, पेट्रोल तरी वाचेल. आणि स्टँड असं नका लावू — थांबा, हा पत्र्याचा तुकडा घ्या, खाली ठेवा — या उन्हात डांबर लोण्यासारखं होतं, स्टँड आत जातं, स्कूटर आडवी होते आणि माणूस शिव्या मला देतो. आता या इथे छत्रीखाली. फळीवर उभे राहा हं, फळी सोडून नको, ही कड सकाळीच टाकलीय. हां, आता बोला. किती वेळ? ते कसं सांगू? झेंडा माझ्या हातात आहे, रस्ता माझ्या हातात आहे, पण वेळ दांडीच्या हातात आहे.

कुठली दांडी म्हणजे? लाल दांडी. बघा, अर्ध्या रस्त्यावर काम चाललंय, उरलेल्या अर्ध्यातून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या जाणार. हे टोक माझं. ते टोक वळणापलीकडे, इथून दिसत नाही. मग तिकडच्याने गाड्या सोडल्यात की थांबवल्यात हे मला कळणार कसं? फोन लागत नाही इथे. म्हणून दांडी. एकच दांडी, लाल रंगवलेली. ज्याच्याकडे दांडी त्याचा रस्ता चालू. त्याच्या गाड्या सोडून झाल्या की तो शेवटच्या गाडीवाल्याकडे दांडी देतो, गाडीवाला ती दुसऱ्या टोकाला पोचवतो, मग त्या टोकाचा चालू. सोपं आहे. दांडी कधी खोटं बोलत नाही — माणूस बोलतो. आता त्या टोकाचा माणूस म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ, आणि तो सध्या माझ्याशी काहीच बोलत नाही, खोटंसुद्धा नाही.

का बोलत नाही ते जाऊ द्या, घरची गोष्ट आहे, रस्त्यावर कशाला. पाणी घेता? घ्या, माठातलं नाही, टँकरचं आहे, रोलरच्या चाकावर मारतो तेच — चाकाला डांबर चिकटू नये म्हणून मारावं लागतं — पण स्वच्छ आहे, मी पितो. कारण छत आहे हो. आमच्या घराचं छत. दर पावसात गळायचं, आम्ही बादल्या मांडायचो, आणि ही म्हणायची, सगळ्यांचे खड्डे बुजवत हिंडता, डोक्यावरचं छत तेवढं दिसत नाही तुम्हाला. प्रेमानेच म्हणायची, पण रोज म्हणायची. म्हटलं, दाखवतोच. कामावर डांबराचा थोडा माल उरतो, तो निवला की फेकूनच द्यायचा, म्हणून मुकादमाला विचारून दोन घमेली — बरं, दोन घमेली नाही, हातगाडी भरून आणला. पसरला, फावड्याने सारखा केला, आणि रोलर काय छतावर चढणार नाही, म्हणून पाण्याचं पिंप भरून लोळवलं. साहेब, काय सपाट झालं म्हणून सांगू — मी खाली उतरेचना. हिला बोलावलं, म्हटलं बघ. ती म्हणाली, छान आहे, पण उन्हात याचं काय होणार? मी म्हटलं, अगं मी काय आज डांबर बघतोय? नाच हवी तर यावर. हे नाचण्याचं तेवढं बोलायला नको होतं.

कारण लगेच सासूबाई आल्या राहायला. आणि काळं छत दिवसभर ऊन पितं, ते सगळं खालच्या खोलीत उतरतं, पंखा लावला की वाफ अंगावर. सासूबाई म्हणाल्या, मी वरच बसते, वारा असेल. गेल्या — प्लास्टिकची खुर्ची घेऊन, पायात नव्या चपला, मुलाने घेतलेल्या, जांभळ्या, पट्ट्यावर सोनेरी फूल. वारा होता. वाऱ्याबद्दल कुणाची तक्रारच नाही. पण त्या बसल्या आणि खुर्चीचा आधी एक पाय, मग दुसरा, हळूहळू — सासूबाई अंगाने भरलेल्या आहेत, तो काही त्यांचा दोष नाही — आणि त्यांना वाटलं आपल्याला डुलकी येतेय म्हणून आपण कलतोय. त्यांनी हाक मारली तेव्हा मी वर गेलो. बघतो तर खुर्ची रुतलेली, चपला रुतलेल्या, आणि त्या उठायच्या खटपटीत. आता मी काय करायला हवं होतं? तुम्ही म्हणाल हात द्यायचा. सगळे तेच म्हणतात. पण आम्हाला कामावर पहिल्या दिवसापासून काय शिकवलंय, की मऊ डांबरात काही रुतलं तर ओढायचं नाही, निवू द्यायचं, नाहीतर वरचा थर उचलून येतो. म्हणून मी म्हटलं, आई, हलू नका. आणि खाली जाऊन कामावरचे दोन कोन घरी पडले होते ते घेऊन आलो. हे काय समोर ठेवलेत ना लाल, टोपीसारखे, तेच. एक त्यांच्या पुढे ठेवला, एक मागे. कुणी चुकून त्या बाजूने येऊ नये म्हणून हो. हसताय? हसा. मेहुणासुद्धा ऐकून हसला होता म्हणे, मग त्याने बहिणीचा चेहरा बघितला आणि हसायचा थांबला.

ही वर आली ना. तिने आईकडे बघितलं, कोनांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, ओढू नकोस, ओरखडा उमटेल. त्यावर ती म्हणाली, "माझी आई रुतलीय आणि तुम्ही डांबराकडे बघताय." आवाज नाही चढवला. चढवला असता तर बरं झालं असतं, त्याची मला सवय आहे. तिने आईला कमरेला धरून उचललं, डावी चप्पल पायाबरोबर सुटली, उजवी आत राहिली, आणि दोघी तशाच निघाल्या मेहुण्याच्या घरी. सासूबाई एका चपलेत. आणि ओरखडा उमटलाच, बघा. वीतभर. पावसात तिथूनच गळणार — हो, हो, मुद्दा तो नाही. तेव्हापासून घरात मी आणि ते दोन कोन.

मेहुण्याचं घर त्या टोकाजवळच, ही दुपारी भावाचा डबा घेऊन तिथे येते, एवढं मला माहीत आहे. मग काय, निरोप पाठवायला लागलो जाणाऱ्या गाड्यांबरोबर. एका ट्रकवाल्याला म्हटलं, सांग, चुकलो म्हणावं. तो येताना सांगून गेला, वहिनी विचारतायत, कशात चुकलो? मी पुढच्या गाडीबरोबर उत्तर पाठवलं — माल जरा पातळ पडला. त्यावर काही आलंच नाही. मुकादम म्हणाला, लेका, तू एवढी वर्षं उन्हात उभा राहून वाया गेलास. मग काल रात्री छतावरची चप्पल छन्नीने मोकळी केली, डिझेलने पुसली, त्या सोनेरी फुलाची पाकळी न् पाकळी दात घासायच्या ब्रशने घासली, माझ्याच, आणि आज दांडीला बांधून पाठवून दिली. सोबत शब्द नाही. म्हटलं, बोललो की माझं काहीतरी चुकतंच.

काय? कुठे? पिंपामागे? ती — ती छत्रीची आहे. छत्रीला लागते एखादी दांडी जास्तीची. लाल आहे, हो. बरं, तीच आहे. आलीय मघाशी. दूधवाल्याने आणून दिली, तुम्ही यायच्या आधी. ओरडू नका हो, मागचे ऐकतील, तो टेंपोवाला आधीच तापलाय. रस्ता मोकळाच आहे, कबूल. मी सोडणारच होतो. पण दांडीला ते गाठोडं बांधलेलं दिसतंय ना, तो रुमाल हिचा. वरून चाचपून बघितलं, चप्पल आहे. म्हणजे मी पाठवलेली परत पाठवली. घ्या म्हणावं तुमची चप्पल, तुमचं डांबर, आणि राहा तिथेच. आता हे सोडत नाही तोवर ती निदान अर्धी तरी येणार आहे, सोडलं की झालं. भीती वाटते हो साहेब. भरलेला ट्रक अंगावर आला तरी झेंडा खाली न घेणारा माणूस मी, आणि एक गाठ सुटत नाही माझ्याच्याने. ती घरात नसली की मला डाळ कुठल्या डब्यात आणि साखर कुठल्या डब्यात तेही सापडत नाही, आणि सापडली तरी खावीशी वाटत नाही.

तुम्हीच सोडा. हो, तुम्ही. माझे हात डांबराचे, रुमाल खराब झाला तर त्याचं आणखी वेगळं. या, इकडे या, अजून पुढे, लाजू नका. मी तिकडे बघतो. सुटली? चप्पलच ना? म्हटलं नव्हतं मी? जांभळी. फूल आहे. बरं, ठेवा, संपलं — तळ काळा? काळा कसा असेल, तळाला एक डाग ठेवला नव्हता मी. दाखवा. अंगठा इकडे, म्हणजे — साहेब, ही डावी आहे. मी उजवी पाठवली होती. ही डावी, सासूबाईंच्या पायात राहिलेली ती, डांबर अजून तसंच. म्हणजे उजवी ठेवून घेतली आणि ही पाठवली, हीसुद्धा साफ करून दे म्हणून. तुम्ही सांगा, ज्या घरी परत जायचं नाही तिथे कुणी चप्पल साफ करायला पाठवतं का? येतायत. दोघी येतायत. सासूबाई पण येतायत, असू दे, येऊ दे, मी खाली झोपेन वाफेत. नाही हो, हा डांबराचा धूर गेला डोळ्यात. धूर कसला, रडतोय मी.

चला, चला, सोडला रस्ता — ए टेंपो, निघ, रोलरच्या डाव्या अंगाने, सावकाश — चला साहेब, तुमचा नंबर पहिला होता, बसा स्कूटरवर. काय झालं? पाय का उचलत नाही? अहो, फळी सोडून उभे राहिलात की काय इतका वेळ? मीच बोलावलं, हो, ते खरंच. बूट पार आत गेलाय. हलू नका. अजिबात हलू नका, जरा निवू द्या, नाहीतर ओरखडा...

काही नाही. द्या हात. दुसरा पण द्या, माझे डांबराचे आहेत, असू देत. उमटला तर उमटू दे. ओढतोय, पाय बुटातून काढा — हां. सुटलात. बूट राहू दे, एका बुटात स्कूटर चालते. तो मी काढतो, डिझेलने पुसतो आणि शेवटच्या गाडीबरोबर दांडीला बांधून पाठवतो, तुम्ही त्या टोकाला थांबा. तिथे डबा घेऊन एक बाई उभी असेल. ती विचारेल, बूट कुठे गेला. तिला सांगा, रुतला होता, पण याने आधी माणूस ओढून काढला. एवढंच सांगा, पुढे मागे काही लावू नका. निघा आता.