पुलाखालची बदकं

यात्रेच्या जुन्या वाटेवरच्या शेवटच्या मुक्कामी यात्रा पूर्ण केल्याच्या शिक्क्यासाठी रांग होती. खिडकीशी बापलेक आले. दोन सीटची एकच सायकल. मुलगा पुढे, वडील मागे. वडिलांच्या हातात पांढरी काठी.

"सगळी वाट सायकलनेच केलीत ना?" शिक्केवाल्या बाईंनी विचारलं. अकरा वर्षांत या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा त्यांना भेटला नव्हता.

"हो," मुलगा म्हणाला.

"सायकलनेच," वडील म्हणाले. "वाट कुठली, ते याला विचारा."

"बाबा, हे काय आता?"

"काल दुपारी तू म्हणालास, दगडी पूल आलाय, खाली बायका कपडे धुतायत."

"होत्या की."

"हॉर्न त्याच वाजवत होत्या का?"

मुलगा बाईंकडे बघू लागला. बाई शाईकडे.

"हायवे होता तो. ट्रकचा वारा तोंडावर बसत होता. मला दिसत नाही, एवढंच."

"जुन्या वाटेला नुसता चढ होता. तुमचे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांना मध्ये आणू नकोस. धापा तू टाकत होतास."

बाईंनी शिक्का उचलून तसाच धरला. "मग मारू का नको?"

"थांबा," वडील म्हणाले. "उद्या मागे जाऊन तेवढा तुकडा करून येतो."

"मग कालच का नाही बोललात?" मुलगा म्हणाला.

"बोलणारच होतो. पण तेवढ्यात तू पुलाखालच्या बदकांचं सांगायला घेतलंस. म्हटलं, पिल्लं पलीकडे पोचू देत."