जावेची साडी आणि नावाचं कुलूप

मंडळी, एक विचारू? दुसरीच्या अंगावर रेशीम दिसलं, की आपली सुती साडी का टोचायला लागते? कालपर्यंत तर मऊ होती!

ऐका. कराडच्या कुमुदिनीबाई. सिमकार्ड घेताना कागदांची झेरॉक्स दिली, आणि कुणा भामट्यानं त्या झेरॉक्सवर बाईंच्या नावानं कर्ज उचललं. निस्तरता निस्तरता घर मेटाकुटीला आलं. मग यजमान दिनकररावांनी, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला कळवून, बाईंच्या संमतीनं त्यांच्या नावालाच कुलूप घातलं — या नावावर नवं कर्ज नाही, नवं कार्ड नाही. चोराला नाही, बाईंनाही नाही. उघडायचं तर बाईंनीच, आपल्या फोनवरून.

छान चाललं होतं. तेवढ्यात नणंदेच्या बाळाचं बारसं आलं. पाळण्याच्या दोन अंगांना दोघी जावांनी उभं राहायचं, ही घरची रीत. धाकटी जाऊ शेवंता दुकानाच्या उधारीच्या कार्डावर मोरपंखी रेशमी साडी घेऊन आली. कार्ड आहे म्हणून किंमतही कमी लागली म्हणे.

कुमुदिनीबाई हसल्या. आत काय झालं, ते बायकांनो, तुम्हाला सांगायला हवं का?

एका चुलीच्या दोघी जावा, एका ताटात जेवल्या —
एका पदराच्या पायी गं, मनानं दुरावल्या.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच दुकानात! कार्ड मागितलं. दुकानातली मुलगी नम्रपणे म्हणाली, आधी नावाचं कुलूप उघडा. चारचौघांत बाई ओशाळल्या. घरी येऊन बाईंनी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "नाव तुझं आहे. पण त्या भामट्याच्या वेळी तू जेवत नव्हतीस, तेवढं आठव."

आठवलं. तरी डोळ्यांपुढून मोरपंखी रंग हलेना. बारसं उद्यावर. बाईंनी फोन उघडला, बोट बटणावर नेलं — आणि दारात शेवंता. डोळे सुजलेले.

"जाऊबाई, ते दुकान फोनवर रोज नवी साडी दाखवतं, आणि मी घेते. हप्ते डोईजड झाले, ह्यांना अजून सांगितलं नाही. तुमच्या नावाला कुलूप, तुम्हाला मागूनही कुणी उधार देत नाही. खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो."

ज्या कुलपाची बाईंना लाज वाटत होती, त्याचाच हेवा! फोन त्यांनी उशीखाली सारला. "रडू नकोस. आधी भावजींना सांगू, मी येते सोबत. मग ते कार्ड बंद करू."

बारशाला मोरपंखी साडी कपाटातच राहिली. दोघी धुवट साड्यांत पाळण्याशी उभ्या, आणि पाळणा एका सुरात गायल्या.

मंडळी, आता उठाल, तेव्हा शेजारणीच्या पदराकडे नजर जाईल. जाऊ द्या. सुंदर आहे म्हणा, तोंडभरून म्हणा! फक्त तो रंग डोळ्यांपुढून हलेपर्यंत आपल्या कुलपाला हात लावू नका.