पाच तारीख, सहावा महिना

—नाही, नाही, ते बंद नका करू, आधी बघा तरी काय दाखवतंय — हं, तिथेच, खाली कोपऱ्यात. महिना आधी, मग दिवस. जूनपासून मोंक्टनला तुमच्या कॉम्प्युटर कंपनीत फोन करकरून माझी जीभ झिजली आणि तुम्ही उगवताय ऑक्टोबरात. बसा, बसा, तुमच्यावर नाही रागावले. आमचं जुनं मशीन होतं ना, ते आमच्यासारखंच फ्रेंच होतं, दिवस आधी लिहायचं. ते ख्रिसमसला मेलं. मग हे आलं, इंग्रजी वळणाचं, आणि कुणी सांगितलंच नाही. बरं, तेरा-चौदा तारीख घातली असती तर अडलं तरी असतं — तेरावा महिना कुठून आणणार? पण बारापर्यंतचं सगळं बिनबोभाट गिळतं. कळणार कसं? दफनभूमीचं ऑफिस हे. इथला माणूस काही उठून तक्रार करायला येत नाही.

हसा, हसा. आल्फ्रेदिन गेली जानेवारीत. ते निळं घर दिसतंय ना, त्याच्या पलीकडे राहायची. जानेवारीत इथली जमीन म्हणजे लोखंड, खणायचं नावच नको — शवपेट्या त्या समोरच्या दगडी कोठीत थांबतात, बर्फ जाईपर्यंत. तिचा एकुलता एक मुलगा, रेजाँ, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आल्बर्टात असतो, तेलाच्या खाणीवर. वादळात विमानं बंद, चर्चमधल्या प्रार्थनेलासुद्धा पोचला नाही. मग त्याने फोन केला, की निदान पुरताना तरी मला यायचंय. फोन मीच उचलला होता. आवाज ओळखला — आणि रिसिव्हर आन्सेल्मच्या हातात दिला. आन्सेल्म म्हणजे माझ्या आधीचा इथला कारकून, मी तेव्हा त्याच्या हाताखाली होते; ईस्टरला निवृत्त झाला. का दिला म्हणजे? हात चिकट होते माझे, काहीतरी खात होते. आणि तशीच बाहेर जाऊन उभी राहिले, त्यांचं काय ठरलं तेही विचारलं नाही. ठरली होती पाच जून. आन्सेल्मने आपल्या सवयीने लिहिलं — पाच, तिरकी रेघ, सहा. ह्या शहाण्याने वाचलं, सहा मे.

सहा मेची सूचना चर्चच्या दारावर लागली. मी केस सेट करून आले — नाही हो, शेजारच्या मोनिकच्या मुलीचं लग्न होतं, करायचेच होते. थंडी, वारा, म्हाताऱ्या बायका कोट आवळून उभ्या. जिल्दाज, आमचा खड्डे खणणारा, दोर हातात धरून ताटकळलेला. "अगं रोझमाँद, पाद्रीबाबांना पुढे जायचंय, किती थांबायचं?" म्हटलं, थांब रे, लांबून येतोय तो. थांबला बिचारा. नंतर तेही बरं दिसेना, सोडली पेटी खाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सगळ्यांसमोर — "जन्मदात्रीचा झाला नाही, तो कुणाचा होणार!" झालं. संध्याकाळपर्यंत गावभर.

मला वाटलं, मी इथे असते म्हणून आला नाही. अंगठी दिली होती त्याने मला. एवढंच. तो आल्बर्टाला निघाला तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली, मी कशी जाणार? म्हणाला, आता ये नाहीतर राहू दे. मी राहिले. जुनी गोष्ट आहे, तुम्ही तुमचं काम करा.

आणि पाच जूनला हे दार उघडलं. काळा सूट, दाढी केलेली, कानशिलावर पांढरे झालेले केस. म्हणतो, "रोझमाँद, कोठी उघडतेस? पेटीवर जरा हात ठेवायचाय, लोक यायच्या आधी." म्हटलं, "रेजाँ, तिला पुरलं रे." "कधी?" "सहा मेला." तो आधी हसला. म्हणाला, "नाही गं, पाच. पाच जून. आज." मग मी ही स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. दोघं बघत राहिलो. ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसला, जिथे तुम्ही बसलाय, आणि विचारलं, "कोणी होतं का तिच्याजवळ?" म्हटलं, मी होते. म्हणाला, "मग ठीक आहे."

ठीक आहे म्हणाला हो.

मग गेला कबरीकडे. गवत उगवलं होतं तिथे. हात ठेवायला आलेला माणूस, गवतावर हात ठेवून बसला. तिथून कॉफी प्यायला गेला दुकानात, तर कोणी बोलेना त्याच्याशी, जिल्दाजने सांगितलं मला — लुसियेन, ज्याच्या होडीवर हा पोरगेला असताना कामाला होता, त्यानेसुद्धा पाठ फिरवली. कॉफी तशीच ठेवून निघून गेला. मी मग दारोदार फिरले, सांगितलं, तारखेचा घोळ झाला, त्याची चूक नाही. लोक हो हो म्हणतात. पण तो कुठे होता ऐकायला? त्याला वाटत असणार, गाव म्हणजे गावच, विसरलं मला. कुणी काय पसरवलं, ते त्याला माहीत नाही.

तर आता महिना अक्षरांत येऊ दे. जून म्हणजे जून. येतं का करता? — काय? त्या दिवशी जिल्दाज दोर धरून थांबला होता तेव्हा — रेजाँला फोन?

होता. नंबर होता हो.

झालं ना तुमचं? मग उठा. आणि दार नीट ओढून घ्या, वारा येतो.