सातवा बार

तुमच्या गावात जी विहीर हाय, ती कोणी फोडली हे तुम्हाला ठाऊक हाय का? मालकाचं नाव नका सांगू, ते कागदावर असतंय. पहार कोणी धरली, घण कोणी मारला, बार कोणी उडवला, त्याचं नाव सांगा. न्हाई सांगता येत ना? मंग ऐका, कारण माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा जीव असल्याच एका विहिरीत जाता जाता राहिलाय, आणि तो धोक्यात घातला मी.

मी शेवंता. लोहाराची लेक आणि लोहाराचीच सून. माहेर इस्लापूरकडचं, सासर उदगीरजवळ. माझा आजा सांगायचा की त्याच्या आज्याच्या वेळी आपली माणसं लोखंड इकत घेत न्हवती, पैनगंगेच्या पलीकडच्या रानात जायची, वढ्यातली काळी जड रेती धुवायची, मातीची भट्टी घालायची आणि दोन दिवस दोन रात्र भाता हाणायची, तवा कुठं माणसाच्या डोक्याएवढा गोळा निघायचा. मंग आगगाडी आली आणि कारखान्याचं लोखंड आलं, लोक म्हणले हे सोपं हाय, भट्टी विझली. माझ्या बापानं मोडीतलं लोखंड घेतलं, मी मोटारीच्या कमानपाट्याचे इळे घडवले, आणि आता भावाकडं दगडाला भोक पाडायचं मशीन हाय, त्याच्या दांड्याच्या टोकाला असली टिकली बसवलेली असती की तिला धारही लावावी लागत न्हाई. पाच पिढ्यांत हे सगळं झालं. कुण्या पुस्तकात असंल तर असंल, आमची नावं त्यात न्हाईत.

माझं लग्न झालं तवा आमचे हे इहिरीची कामं घ्यायचे. ह्यांचं नाव मी घेत न्हाई, पण तुम्ही लिहा, मारुती. इहिरीवर दोन माणसांचा जोड असतो, एक खाली दगड फोडणारा आणि एक वर लोखंड सांभाळणारा. वरचा म्हणजे मी. बारासाठी दगडात हातभर खोल भोक पाडायचं तर पहारीचं टोक घडीघडीला बोथट होतं. ते वर यायचं, मी भट्टीत लाल करायची, ठोकायची, मंग पाणी द्यायची. आता पाणी देणं म्हणजे बुडवून काढणं न्हाई हो. टोक बुडवायचं, काढायचं, आणि रंग सरकताना बघत बसायचं, आधी गव्हाळ येतो, मंग जांभळा, मंग मोरपंखी. गव्हाळावर थांबवलं तर टोक कडक, मोरपंखीवर गेलं तर मऊ. कडक लई झालं तर दगडात टिचतं. आमचे हे खाली जाताना म्हणायचे, शेवंते, माझे हात तुझ्या डोळ्यात हायत. मी म्हणायची, डोळे चुलीच्या धुरानं गेलेत, हात सांभाळा. हसायचे.

माझं दुसरं काम मोजायचं. खाली सात भोकं भरली की माझ्या पदराच्या वट्यात सात खडे. वाती पेटवून सगळे वर यायचे, लांब पळायचे, आणि मी कान लावून बसायची. एक बार उडाला की एक खडा टाकायचा. सगळे खडे संपले तरच शिट्टी, आणि शिट्टी झाली तरच माणूस खाली. एखादा खडा राहिला तर त्या दिवशी इहिरीकडं कोणी फिरकायचं न्हाई, कारण न उडालेला बार म्हणजे मुका बार, आणि त्याला पुन्हा धक्का लागला की तो बोलतो. ह्यांच्या हातचा एकही बार मुका राहिला न्हाई, असं पंचक्रोशीत म्हणायचे लोक. मीबी म्हणायची.

आता तो भूकंप मधी येतो, म्हणून सांगते. किल्लारीकडं जमीन हलली तवापासून आमच्याकडंबी बार उडाला की माणसं ताटावरून उठून बाहेर पळायची. म्हातारे रडायचे, बायका लेकरं घेऊन देवळाच्या पारावर येऊन बसायच्या. मंग गावानं ठरवलं, की ज्याला बार उडवायचा त्यानं एकाच वेळी उडवावा, दुपारची एसटी गेली की. म्हणजे त्या वेळचा आवाज आला तर भ्यायचं न्हाई. चांगलंच ठरवलं होतं, लोकांच्या भल्याचं. कोणाला वाटलं होतं का त्यातून असं होईल?

इश्वनाथ आप्पांची इहीर आम्ही फोडून राहिलो होतो. आप्पा म्हणजे उदगीरला किराण्याचं दुकान, इकडं शेती, कपाळावर तीन पट्टे, माणूस वाईट न्हाई, पण घाई लई. वढ्याच्या पलीकडं दुसऱ्याची इहीर होती, तिथं देगलूरकडचा हणमंतू काम करायचा. त्या दिवशी खाली सात भोकं. उगवतीच्या अंगाला दगडात एक निळसर पट्टी होती, तिथलं भोक असं कडक की पहार सात वेळा वर आली, सातही वेळा टोक टिचलेलं. मी म्हणले, आज दगड की भूत? हे म्हणाले, गव्हाळाच्या जरा पुढं जाऊ दे. तसं केलं, मंग भोक झालं. मी भट्टीजवळची लाल माती मळून दिली, बार भरल्यावर भोकाचं तोंड बंद करायला. एसटी गेली. बार उडाले. एक, दोन, असे सहा. मंग थांबलं. माझ्या हातात एक खडा. आणि तेवढ्यात सातवा वाजला. जरा लांबून आल्यासारखा वाटला, पण वारा होता, इहीर खोल होती, मी म्हणले असंल. खडा टाकला. शिट्टी दिली.

हे खाली गेले तर पाण्याची धार पायाला लागली. पाणी लागलं, पाणी लागलं, असा गलका. आप्पांनी नारळ फोडला, गुलाल उधळला, ह्यांना खांद्यावर घेतलं. उगवतीच्या अंगाचा दगड कोणी काढलाच न्हाई, काढायला सवड कुठं होती, सकाळपर्यंत कंबरभर पाणी. काम संपलं.

आमचे हे गेले, त्यालाबी लई दिवस झाले. तीन वर्षांमागं देगलूरला एका लग्नात हणमंतू भेटला. म्हातारा झालाय, पंगतीत शेजारी बसला, बोलता बोलता म्हणाला, वैनी, आप्पांच्या इहिरीला पाणी लागलं त्या दिवशी माझा एकच बार होता, म्हणलं तुमच्या गोंगाटात खपून जाईल, उडवला आणि घरी गेलो. तो हसला. म्हणजे माझा सातवा खडा त्याच्या बारावर पडला होता. काय सांगू तुम्हाला, जेवणाचं ताट तसंच सोडून उठले.

आणि मी काय केलं? गप बसले. इहिरीत पाणी होतं, कोण कशाला तळाला जातंय, असं मनाला सांगितलं. खरं सांगू? मेलेल्या नवऱ्याचं नाव जाईल म्हणून गप बसले.

आणि ह्या उन्हाळ्यात इहीर आटली. आप्पांना मिरगाच्या आत ती खोल करायचीय. मशीन कोणाचं? माझ्या भावाचं, दिगंबरचं, तोबी आता इकडंच राहतो. मी गेले, सांगितलं. तो हसला. अक्का, एवढ्या वर्षांत पाण्यात भिजून बाराचा चिखल झाला असंल. मी म्हणले, साधी दारू असती तर झाला असता, हा सुरुंगाचा तोटा होता, वर तो उडवणारी तांब्याची केप होती. तो म्हणाला, तुला झोप न्हाई म्हणून असलं सुचतंय. आप्पा म्हणाले, बाई, माझ्या इहिरीला बदनाम करू नगा. मी म्हणले, मला खाली सोडा. बाईला इहिरीत उतरू देत न्हाईत, चाळीस वर्षं मी काठावर बसले, तळ कधी बघितला न्हाई. दिगंबर म्हणाला, उतर, म्हणजे एकदाची शांत होशील. गाळ वर ओढायच्या यारीच्या बादलीत बसवलं.

खाली गार होतं. उगवतीचा अंग धरला. हातानं चिखल बाजूला करत गेले, पहारीला हात लावला न्हाई. निळसर पट्टी सापडली. आणि पट्टीवर, काळ्या दगडात, रुपयाएवढा गोल लाल ठिपका. माझ्या भट्टीजवळची माती. माझ्या हातानं मळलेली. मी त्याला शिवले न्हाई. वर ओरडले, दिगू, मशीन बंद कर. तो खाली आला, बघितलं, आणि माझा भाऊ, सहा फुटी माणूस, माझा पदर धरून उभा राहिला. पट्टीपासून हातभरावरच त्यानं खडूनं भोकाची खूण केली होती.

त्यानं मशीन काढून घेतलं. पण आप्पा म्हणतात, मुका बार काढणाऱ्या परवानावाल्या माणसाला फोन केलाय, तो उद्या उद्या म्हणतोय, आभाळ काही थांबत न्हाई, तुम्हाला जमत न्हाई तर मी परगावची मशीन आणतो. परगावच्या लोकांना कोण सांगणार? ते काय माझ्याकडं येणार हायत विचारायला? त्यांच्या घरीबी कोणी अक्का असंल. म्हणून मी रोज सकाळी काठावर जाऊन बसते. दिगंबर भाकरी आणून देतो आणि शेजारी बसतो, कामधंदा सोडून. आप्पांची सून काल चहा घेऊन आली, म्हणाली, मावशी, घरी मीबी बोलून राहिलेय. देव तिचं भलं करो.

धरण बांधलं की इंजिनेराच्या नावाची पाटी लागते, तारीख, मंत्री, सगळं. इहिरीला पाटी नसती. फोडणाऱ्याला मजुरी दिली की तो गेला, आणि दगडाच्या पोटात काय राहिलंय हे त्याच्याबरोबर गेलं. मला पाटी नको. ह्यांचं नाव गेलं तरी जाऊ द्या, मी आता चारचौघांत सांगते, त्या दिवशी मोजणी माझी चुकली.

तुम्ही एवढंच करा. तुमच्या गावात जुनी इहीर खोल करायची बोलणी चालली असतील, तर मशीनवाल्याच्या आधी ती फोडणारं घर शोधा. म्हातारा नसंल तर म्हातारीला विचारा, काठावर बसणारी तीच असती. तिला रागवू नका, चूक सांगितली तर हसू नका, न्हाईतर ती माझ्यासारखी तीन वर्षं गप बसंल. तिचा हात धरून तिला काठावर न्या आणि विचारा, बाई, तुमचे खडे सगळे पडले होते का? ती हाव, पडले, असं म्हणंपर्यंत खाली माणूस उतरवू नका.

माझा एक खडा अजून वट्यात हाय.